चार सेकंदांचं हसणं

इंदू सुपेकरचं पत्र निळ्या आंतरदेशीय कागदावर होतं, आणि घड्या घालून तिने ते इतक्या मन लावून चिकटवलं होतं की उघडताना शेवटची ओळ फाटली होती. भैयासाहेब झोकरकरांना ती फाटलेली ओळ आठवत होती. वरच्या ओळीही आठवत होत्या, फक्त तसं त्यांनी कधी स्वतःशी कबूल केलं नव्हतं. चौतीस वर्षं ते असं धरून चालले होते की त्या काळी टीव्हीच्या केंद्रावर पत्रांची पोती येत, कुणाकुणाला उत्तर देणार. उत्तरांसाठी छापील कार्डं होती, 'आपले पत्र मिळाले, आपल्या आस्थेबद्दल आभार', आणि कार्डांवर पत्ते घालायला अल्पना नावाची एक मुलगी होती. तिने इंदूलाही एक पाठवलं असणार. पाठवलं नसेल तर बरं होईल, असं त्यांच्या मनात पहिल्यांदा आलं ते देवासला, दातांच्या डॉक्टरच्या दवाखान्यात, एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास.

डॉक्टरने खालच्या जबड्यात सुई टोचून त्यांना बाहेर बसवलं होतं. अर्धा ओठ आपला राहिला नव्हता. भैयासाहेब बोटाने गाल दाबून पाहत होते आणि तो दुसऱ्या कुणाचा तरी, कुणा जाड्या आणि मठ्ठ माणसाचा गाल असल्यासारखा लागत होता. शेजारच्या बाई मोबाइल मोठ्याने लावून एकामागून एक छोटे व्हिडिओ पाहत होत्या: एक कुत्रा, एक साधू, भोपळा कापायची युक्ती. भैयासाहेबांना या लोकांची किळस होती. आयुष्यभर त्यांनी याच लोकांसाठी चित्रं केली होती, आणि केंद्रावर असताना जेवणाच्या सुट्टीत 'प्रेक्षक' हा शब्द ते ज्या सुरात म्हणत त्या सुरात दुसरे लोक 'झुरळ' म्हणतात. मग त्या मोबाइलमधून कबुतरांच्या पंखांचा फडफडाट आला. तो ऐकताच ते ताठ बसले. तो आवाज त्यांनी स्वतः चित्रावर चढवला होता, एका देवळाच्या सज्जात ध्वनिमुद्रकाला दोन तास उभं करून मिळवलेला. पाठोपाठ एका म्हाताऱ्याचा खरखरीत आवाज आला. "सुधाकर गेला त्या दिवशी मी हा रुमाल बांधला, तो बांधला. आता कोण सोडणार?" आणि त्यावर एका तरुण बाईचं हसणं. मनमोकळं, दात दिसतील असं. ते संपायच्या आत कुणीतरी वरून भोंगा वाजवलेला होता आणि खाली हिंदीत लिहिलं होतं, बहू हो तो ऐसी. शेजारच्या बाई हसल्या आणि त्यांनी मोबाइल भैयासाहेबांकडे वळवला. "देखो अंकल, क्या जमाना है. बेटा मर गया और ये हँस रही है." भैयासाहेबांना काहीतरी म्हणायचं होतं. तोंड उघडलं आणि मेलेल्या ओठावरून लाळ शर्टवर पडली.

तो माहितीपट त्यांचा होता. नाव 'दप्तर'. धारमध्ये तात्या सुपेकर म्हणून एक निवृत्त कारकून होते, संस्थानी काळचे मोडी कागद वाचणारे. जुन्या कागदांचे गठ्ठे लाल कापडात बांधलेले असत, त्या कापडाला रुमाल म्हणत. तात्या तो मांडीवर घेऊन सोडत आणि आत जे वळणदार, गुंतलेलं काळं अक्षर असे ते आपण सकाळचा पेपर वाचावा तसं वाचत. त्यांचा एकुलता मुलगा सुधाकर त्यांच्याकडून शिकत होता, तो नालछ्याच्या रस्त्यावर मोटारसायकलवरून जाताना ट्रकखाली गेला. मागे चोवीस वर्षांची बायको आणि पाळण्यातली मुलगी. भैयासाहेब कॅमेरा घेऊन गेले तेव्हा त्याला आठ महिने झाले होते. हे ऐकून त्यांना वाईट वाटलं होतं का, हे आता त्यांना नक्की सांगता आलं नसतं. विषय मिळाला असं वाटलं होतं, हे नक्की आठवत होतं.

पत्रात इंदूने लिहिलं होतं ते थोडकं होतं. रविवारी सकाळी फिल्म लागली. गल्लीतल्या सगळ्यांनी आमच्याच घरी बसून पाहिली. तात्या त्यांच्या जाण्याबद्दल बोलतात आणि मी हसते असं त्यात दिसतं. तात्या बोलत होते तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. मी कधी हसले ते तुम्हाला माहीत असेल, तुमच्याकडे सगळं टेपवर असेल. तर तेवढं एका ओळीत लिहून पाठवावं, खाली सही करावी, म्हणजे मी तात्यांना दाखवीन. ते माझ्याशी बोलत नाहीत. शेवटची ओळ फाटली होती. ती कृपेबद्दल वगैरे असेल.

त्या आठवड्यात 'दप्तर' बक्षिसाला गेला होता. परीक्षकांत एक दाढीवाला समीक्षक होता, ज्याला कुठल्याही गोष्टीत विरोधाभास दिसला की उचकी लागल्यासारखं होई. त्याने लिहिलं, मृत्यूच्या कथनावर अचानक उमटणारं सुनेचं हसू हा या माहितीपटाचा गाभा आहे, जीवन परंपरेला हसतं आहे. भैयासाहेबांना तो माणूस गाढव वाटे. पण गाढवाने दिलेलं बक्षीस त्यांनी घेतलं, आणि पुढे जिथे जिथे त्यांना नव्या मुलांपुढे बोलायला बोलावलं तिथे तिथे त्यांनी त्या गाढवाचंच वाक्य स्वतःचं म्हणून सांगितलं. तो क्षण मी पकडला, असं ते म्हणत. कॅमेरा चालू होता, तात्या बोलत होते, आणि माझी नजर दाराकडे गेली. किती वेळा सांगितलं असेल? पन्नास? शंभर? सांगता सांगता त्यांची नजर खरोखरच दाराकडे जायची.

खरं म्हणजे सुनेच्या हसण्याने त्यांचं पोट भरलं होतं. केंद्रावर अकरा वर्षं त्यांनी शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम केला, ज्यात स्टुडिओतल्या कुंडीत खोटी कोबीची झाडं ठेवून एक अधिकारी युरियाबद्दल बोले. उद्घाटनं केली. मंत्र्यांची कात्री फितीला लागण्याच्या आत कॅमेरा बंद पडला म्हणून फीत पुन्हा बांधून पुन्हा कापून घेतली, आणि मंत्री दुसऱ्या वेळी जास्त खरे हसले. मग नोकरी सोडून मुंबईला गेले, ते 'दप्तर'मुळे. एका मालिकावाल्याने तो पाहिला होता. म्हणाला, "तुम्ही रिॲक्शन फार छान काढता." मालिकावाल्याच्या दोन्ही हातांत अंगठ्या होत्या आणि त्याला दोन मिनिटांहून लांब बोलणं ऐकवत नसे. त्यानंतर सोळा वर्षं भैयासाहेबांनी चेहरे काढले. सासू बोलते, सुनेचा चेहरा. सून बोलते, नणंदेचा चेहरा. कुणीच बोलत नाही, तिघींचे चेहरे, प्रत्येकीवर एकेक वीज. एका दिवशी फक्त चेहरेच काढून ठेवत: घाबरलेला, चिडलेला, कपटी, ओलावलेला, प्रत्येकीचे दहा-दहा, लोणच्यासारखे बरणीत भरून, मग वर्षभर लागेल तिथे लागेल तो लावत. चेहऱ्यासमोर त्या वेळी कुणीच नसे. एक दांडी असे, तिच्या टोकाला चिकटपट्टी, नटीने चिकटपट्टीकडे पाहून रडायचं. घराघरांत लोक त्या चिकटपट्टीसाठी डोळे पुसत होते. भैयासाहेबांना त्यांचा तिरस्कार वाटे, आणि शनिवारी लोकप्रियतेचे आकडे आले की तिरस्कार थोडा कमी होई. आकडे उतरले तेव्हा अंगठीवाल्याने त्यांना पुष्पगुच्छ दिला. मग देवास, वडिलांनी घेतलेलं टेकडीमागचं घर, पुस्तकं, दात.

"अहो, काय झालं? जास्त दुखतंय का?" दवाखान्यातून परतल्यावर लतिकाबाईंनी विचारलं. त्या स्वयंपाकघरात मेथी निवडत होत्या. भैयासाहेबांनी हाताने नाही म्हटलं. मग मेलेल्या ओठातून, शब्द सांडत, त्यांनी मोबाइलवरचं सांगितलं.

"आलंय ते," लतिकाबाई म्हणाल्या. "आमच्या ग्रुपवर परवाच आलंय. मी तुम्हाला दाखवलं नाही."

"का?"

"तुम्ही म्हणाला असता लोकांना अक्कल नाही. ते मी तीस वर्षं ऐकतेय. मेथी तेवढी पुढे सरकवा."

दुपारी ओठ परत आला, ठणकत. आणि चारला धारहून मयुरेशचा फोन आला. मयुरेश तिथल्या महाराष्ट्र समाजाचा सचिव होता, तिशीतला, जाहिरातींचे फलक छापायचा. रविवारी समाजाच्या कार्यक्रमात भैयासाहेबांचा सत्कार होता आणि 'दप्तर' दाखवणार होते, हे महिन्यापूर्वीच ठरलं होतं. भैयासाहेबांनी तेव्हा आढेवेढे घेतले होते, शाल नको, श्रीफळ नको, आणि मग फोन ठेवल्यावर कपाटातला जोधपुरी कोट काढून तो बसतो का ते पाहिलं होतं.

"काका, पाहिलं ना? गदर चालू आहे एकदम. मी पूर्ण फिल्म टाकली होती यूट्यूबवर, प्रचारासाठी. कोणीतरी तेवढा पीस काटून व्हायरल केला. दोन लाख झाले, काका. हॉलमध्ये जागा नाही मिळणार."

"ती बाई," भैयासाहेब म्हणाले. "ती सून. कुठे असते?"

"इंदूमावशी? इथेच तर आहे, त्याच गल्लीत. शाळेत क्लार्क होती, रिटायर झाली. सगळे ओळखतात. आम्ही लहान होतो तेव्हापासून तिला हँसमुख वहिनी म्हणतात, म्हणजे मजाकमध्ये." मयुरेश हसला. "काका, एक आयडिया आहे. सरप्राइज. तुमचा सत्कार तिच्या हातून ठेवू. फिल्ममध्ये ती हसते, तिथे पॉज करायचा, लाइट लावायचे आणि ही स्टेजवर. पब्लिक पागल होईल. म्हणू, मावशी, एक बार हसून दाखवा."

"तिला विचारलं?"

"तिला काय विचारायचं? ती येते दर वर्षी, मागे बसते. हात धरून आणू."

भैयासाहेबांना हा मुलगा त्या क्षणी इतका स्वच्छ दिसला की त्यांना थोडी चक्कर आली. याला काही शिकवावं लागलं नव्हतं. थांबवायचं कुठे, उजेड कधी टाकायचा, चेहरा कुणाचा घ्यायचा, सगळं हा पोटातून शिकून आला होता. भैयासाहेबांनी घराघरांत पोचवलेलं पिऊनच तो मोठा झाला होता. या विचाराचा त्यांना राग आला, मग हा विचार आपल्याला सुचला याचं थोडं कौतुकही वाटलं, आणि त्या कौतुकाची शिसारी आली. "उद्या बोलतो," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

बुधवारी सकाळी ते इंदूरला बस बदलून धारला गेले. आपण तिला सावध करायला चाललो आहोत, असं त्यांनी लतिकाबाईंना सांगितलं आणि बसमध्ये स्वतःलाही सांगत राहिले. खिडकीतून सोयाबीनची शेतं जात होती आणि त्यांच्या डोक्यात अकरा वर्षांचा युरिया. धार पहिल्यापेक्षा कुरूप झालं होतं, निदान त्यांना तसं ठरवायचं होतं. रिक्षावाल्याला त्यांनी गल्लीचं नाव सांगितलं तर तो म्हणाला, "वो हँसमुख भाभी वाली?"

दार इंदूनेच उघडलं. साठीला आलेली, केस आखूड कापलेले, चष्म्याची दोरी गळ्यात. भैयासाहेबांनी तो चेहरा हजारदा पाहिला होता, पण चारच सेकंदांचा. तो हसताना कसा दिसतो ते त्यांना पापणीपर्यंत पाठ होतं. न हसता कसा असतो, ते माहीत नव्हतं.

"ओळखलं नाही," ती म्हणाली.

"झोकरकर. टीव्हीवाला."

तिने चष्मा डोळ्यांवर चढवला. "या ना. बसा. गाल सुजलाय तुमचा. दात काढला का?"

खोली तीच होती. तात्यांची गादी होती तिथे आता लोखंडी पलंग होता, त्यावर उन्हात टाकायच्या गोधड्या. तिने चहा केला आणि त्यांच्यासाठी बशीत ओतून, फुंकर मारून निवतही ठेवला, दाताला गरम लागू नये म्हणून. आपल्याला ही बाई शिव्या देईल अशी त्यांनी बसमध्ये तयारी केली होती. शिव्यांना काय उत्तर द्यायचं तेही जमवलं होतं. बशीची तयारी नव्हती.

त्यांनी रविवारचं सांगितलं. येऊ नका म्हणाले. ती म्हणाली, "बरं झालं सांगितलं. मयुरेश तसा वाईट नाही. डोकं नाही त्याला." काम झालं होतं. उठता आलं असतं. भैयासाहेब बशीकडे पाहत म्हणाले, "तुम्ही मला एक पत्र लिहिलं होतं."

"लिहिलं होतं ना. तुमचं कार्डही आलं होतं. आस्थेबद्दल आभार." तिच्या आवाजात टोमणा नव्हता, त्यामुळे कान तापले. "मी तात्यांना तेच नेऊन दिलं. वर इंग्रजीत काही छापलं होतं, मला इंग्रजी तेवढं येत नव्हतं, वाटलं त्यात काही असेल. नुसतं केंद्राचं नाव होतं. त्यांनी वाचलं. मग उलटून मागची बाजू वाचली. मागे फक्त आमचा पत्ता होता. परत पुढची वाचली. आणि माझ्याकडे परत दिलं."

भैयासाहेबांना बक्षीस स्वीकारताना जे फोटो काढले होते ते एकाएकी आठवले, आणि त्यातला आपला जबडा.

"भांडण नाही केलं त्यांनी," इंदू म्हणाली. "वाढलं तर जेवायचे. अंकिताला खेळवायचे. नऊ वर्षं, जाईपर्यंत. फक्त ते मोडी शिकवत होते मला, ते बंद केलं. मी अर्धं शिकले होते, साहेब. साधं पत्र लागायचं मला. त्यांच्या गेल्यानंतर रुमाल कोणी उचलून नेले, मला विचारलं नाही. कशाला विचारतील?"

मोडी. भैयासाहेबांनी बशी खाली ठेवली. ती शिकत होती ती पाटीवर नव्हे, वहीवर. शाळेच्या चौरेघी वहीत बोरूने काढलेली अक्षरं, एक ओळ म्हाताऱ्याची ठाम, खाली चार ओळी थरथरत्या. शूटिंगच्या पहिल्याच दिवशी त्यांनी ती वही पाहिली होती. कॅमेरामन कमल म्हणाला होता, "सर, ये बहू सीख रही है, ये तो अच्छा है, ले लूँ?" आणि ते म्हणाले होते, "नको. शेवटचा वाचक म्हणतोय आपण. ही शिकतेय दाखवलं तर शेवटचा कसला?" हे ते विसरले होते. विसरले म्हणजे, आठवायची कधी वेळच येऊ दिली नव्हती. 'आता कोण सोडणार?' असं तात्यांनी विचारलं तेही त्यांनी विचारायला लावलं होतं. तात्या आधी म्हणाले होते, "ही आहे, बघू." तेवढं काढलं. मग तात्यांना खोकला आला, लांबलचक, तो काढला. जोडावर चित्रात उडी बसली, तात्यांची मान एकदम हललेली दिसे. उडी झाकायला चार सेकंद कशाचं तरी चित्र हवं होतं. कबुतरं होती. कबुतरांवर भागलं असतं, पण त्यांनी तिचं हसणं लावलं.

"तुम्ही हसला नव्हता," ते घाईने म्हणाले. "तात्या बोलताना तुम्ही हसला नव्हता. मी सांगतो तुम्हाला."

इंदूने चष्मा काढून पदराने पुसला. "तेव्हा मला पक्कं माहीत होतं. मी छाती ठोकून सांगत होते सगळ्यांना. मग ते परत लागलं टीव्हीवर. मग शाळेत कोणी कॅसेट आणली. मग हे मोबाइल आले. दर वेळी बघते मी, तात्या बोलतात आणि मी हसते. माझ्याच डोळ्यांनी बघते. आता मलाच समजून नाही राहिलं. वाटतं, हसले असेन. माणसाचं काय, दुःखात कधी कधी फिस्सकन हसू येतं. अंकिताने विचारलं मागच्या वर्षी, खातेगांवला शिकवते ना ती, तिच्या शाळेतल्या कोणी बाईंनी तिला विचारलं असेल. म्हणाली, आई, कशावर हसली होतीस? बाबा गेले त्यावर? मी म्हटलं, आठवत नाही. आणि खरंच नाही आठवत. ते हसणं कुठून आलं मला माहीतच नाही. तेव्हा ती ओळ मला तात्यांसाठी हवी होती. आता माझ्यासाठी हवी आहे."

"मी सांगतोय ना आता."

"तोंडी नको." हे ती प्रथमच कोरड्या आवाजात म्हणाली. "तोंडी तुम्ही दुसरंही सांगितलंय. बघितलंय मी, तुमची मुलाखत आहे मोबाइलवर. तात्या बोलत होते आणि तुमची नजर दाराकडे गेली. मुलांपुढे सांगताय, मुलं टाळ्या वाजवताहेत. ते बघून तर मला खात्रीच झाली होती की हसलेच असेन. मोठा माणूस खोटं कशाला बोलेल? आता दोन्हींत खरं कोणतं? लिहून द्या, साहेब. सहीचं."

तिने त्यांना तिथल्या तिथे कागद दिला असता. भैयासाहेब उठले आणि म्हणाले, "घरी जाऊन नीट लिहितो. पाठवतो."

"पाठवा," इंदू म्हणाली, आणि बशी उचलली.

परतीच्या बसमध्ये त्यांना दिसत होतं की आपण पळालो. एक ओळ लिहायला घर कशाला लागतं? त्या ओळीने काय जाईल याचा हिशेब करायला लागतं. आयुष्यभराच्या कामातून कोबी, फिती, चेहरे वजा केले तर हाताशी एक 'दप्तर' उरत होता, आणि 'दप्तर'मधून ते चार सेकंद वजा केले तर एका खोकणाऱ्या म्हाताऱ्याचा सरळसाधा माहितीपट, दुसऱ्या कुणीही केला असता तसा. दाढीवाल्या गाढवाने ज्याला गाभा म्हटलं तो गाभा म्हणजे उडी झाकायचं ठिगळ होतं. हे लिहून, सही करून द्यायचं, आणि ती बाई ते मुलीला दाखवणार, मुलगी शाळेत, कुणीतरी मोबाइलवर. भैयासाहेब आयुष्यभर सगळ्यांना हसले होते ते एकाच आधारावर, की हे सगळे भिकार आहेत आणि मी निदान एकदा काहीतरी खरं पकडलं होतं.

गुरुवारी सकाळी ते लिहायला बसले. आणि लिहिताना कळलं की इंदू कशावर हसली ते त्यांनाही आठवत नाही. हसणं पाठ होतं; त्याच्या आधीचं आणि नंतरचं त्यांनी कापून टाकलेलं होतं, टेपवरून आणि डोक्यातूनही. कमलचा नंबर त्यांनी जुन्या डायरीत शोधला. कमल रतलामला मुलाकडे असतो, ऐकायला कमी येतं. "कौन-सी बहू?" असं तो तीनदा म्हणाला. मग म्हणाला, "अरे, वो पापड़ वाला. सर, आप भूल गए? अपना तुकाराम, थर्माकोल."

आणि मग आलं. एकदम, उन्हासकट. दुसऱ्या दिवशीची दुपार. प्रकाश परतवायला थर्माकोलचा मोठा पांढरा पत्रा धरून तुकाराम अंगणात उभा होता, वारा आला आणि पत्रा उडून शेजारच्या भवानीबाईंच्या गच्चीवर. तो आणायला तुकाराम जिना चढून गेला तर भवानीबाईंनी तेवढ्यात त्यावर पापड वाळत घातलेले. म्हणे, माझ्या गच्चीवर आलं ते माझं. तुकाराम खाली पाहून ओरडतोय, "सर, मावशी नहीं दे रही, पापड़ हैं," आणि म्हातारी वरून म्हणते, "सूखने दे, भिया, सरकार कहीं भागी जा रही है?" इंदू अंगणात धुणं घेऊन उभी होती. ती हसली. कमलचा कॅमेरा चालूच होता. आणि हसता हसता तिने एकदम तोंडावर हात नेला, पदर चावला, आणि घाबरून घराकडे पाहिलं. तात्या आहेत का ते पाहिलं. तात्या नव्हते, पेन्शन आणायला गेले होते. तेव्हा तिने हात काढला आणि परत हसली. आठ महिन्यांत पहिल्यांदा हसते आहे, हे तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं आणि भैयासाहेबांनी ते तिथे उभं राहून वाचलं होतं. टेबलाशी बसून त्यांनी हात नेलेला भाग कापला होता. दुसरं हसणं तेवढं ठेवलं.

पहिला मसुदा तीन पानांचा झाला. त्यात त्या काळच्या यंत्रांची मर्यादा होती, संकलनाचं शास्त्र होतं, माहितीपटातलं सत्य म्हणजे काय याची चर्चा होती. लतिकाबाईंनी चष्मा लावून तो उभ्याउभ्या वाचला.

"हे पत्र आहे की तुमचा सत्कार?"

"म्हणजे?"

"ती बाई कशावर हसली ते दुसऱ्या पानाच्या तळाला येतं. त्याच्या आधी तुम्हीच आहात."

दुसऱ्यात त्यांनी यंत्रं काढली. तिसऱ्यात शास्त्र. प्रत्येक वेळी एखादं वाक्य असं सापडे की जे कागदावर फार चांगलं दिसत होतं, आणि ते काढताना दाढ ठणके. एका मसुद्यात ते स्वतःला नीच म्हणाले होते. त्यात इतकी ऐट होती की त्यांनी तो लतिकाबाईंना न दाखवताच फाडला. साडेतीनला जे उरलं ते पाऊण पान होतं.

'श्रीमती इंदू सुपेकर यांस. तात्या सुधाकरबद्दल बोलत होते तेव्हा तुम्ही हसला नाहीत. तुम्ही स्वयंपाकघरात होता. ते हसणं आदल्या दुपारचं आहे. आमचा थर्माकोलचा पत्रा उडून भवानीबाईंच्या गच्चीवर गेला आणि त्यांनी त्यावर पापड घातले, तुकाराम तो मागत होता, त्यावर तुम्ही हसलात. तात्या तेव्हा घरी नव्हते, पेन्शन आणायला गेले होते. हसल्यावर तुम्ही तोंडावर हात नेलात, तो भाग मी कापला. तात्या तुमच्याबद्दल "ही आहे, बघू" असं म्हणाले होते, तेही मी कापलं, आणि तुमची मोडीची वही मुद्दाम घेतली नाही. मुलाखतीत मी सांगितलं ते खोटं आहे. हे पत्र तुम्ही कुणालाही दाखवावं. भैयासाहेब झोकरकर.'

याचीच एक प्रत त्यांनी काढली आणि मोबाइलवर तिचा फोटो मयुरेशला पाठवला. पाचच मिनिटांत फोन.

"काका, हे काय पाठवलं? मला पूर्ण वाचता नाही आलं, हाताचं मराठी मला जड जातं."

भैयासाहेबांनी वाचून दाखवलं. फिल्म दाखवायची असेल तर आधी हे वाचायचं, म्हणाले, नाहीतर दाखवायची नाही. आणि सत्कार ठेवू नका, मी येणार नाही.

"काका, मूड जाईल पब्लिकचा."

"जाऊ दे."

"म्हणजे ती... त्या पापडांवर?" मयुरेशच्या आवाजात काहीतरी गडबडलं. "आम्ही तर तिला लहानपणापासून..." वाक्य त्याने सोडून दिलं. "बघतो मी, काका. कमिटीला विचारावं लागेल." कमिटी काय म्हणेल ते भैयासाहेबांना माहीत होतं. कमिटीला मूड लागतो.

पोस्टात रांग होती. पुढे एक माणूस भाच्याला आपल्या मुलीच्या राख्या पाठवत होता आणि काउंटरवरच्या तरुणाशी पाकिटाच्या आकारावरून वाद घालत होता. पंखा आवाज करत फिरत होता. आपण हे पत्र परत एकदा वाचावं, एक शब्द बदलावा, 'मुद्दाम' काढावा, असं भैयासाहेबांना वाटलं. पाकीट चिकटवलेलं होतं. त्यांचा नंबर आला. तरुणाने पाकीट काट्यावर टाकलं.

"क्या है अंदर? डॉक्यूमेंट?"

"चिट्ठी."

"पाने वाले का मोबाइल नंबर?"

"नहीं है."

"तो भेजने वाले का बोलो." त्यांनी स्वतःचा सांगितला, एक आकडा चुकून दोनदा. तरुणाने यंत्रातून निघालेली पट्टी पाकिटावर चिकटवली, अंगठ्याने दाबली आणि मान न वळवता पाकीट मागच्या पोत्यात फेकलं. भैयासाहेब तिथेच उभे होते.

"हो गया, बाबूजी," तो म्हणाला. "साइड में आ जाओ."